पहिले दोन दगड

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. "काका, मला लीडला टाकलंय. मी कच्ची वाटते का त्यांना?" टाकलंय म्हणे! लीड म्हणजे काय माळा आहे, अडगळ टाकायला? आपल्या व्हीलचेअर कर्लिंगमध्ये बर्फावरून टीमचे पहिले दोन दगड सोडतो तो लीड.

सोन्या गॉडेट आपल्या व्हर्ननचीच. (नावातच सोनं, असं तुझी काकू म्हणते.) 1997 मध्ये घोड्यावरून पडली आणि खुर्चीत आली. पुढे 2006 ला तुरिन, 2010 ला व्हँकुव्हर, 2014 ला सोची. तिन्ही पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण. सोचीत कॅनडाचा झेंडा तिच्याच हातात होता. व्हँकुव्हरला आणि सोचीला ती खेळली कुठे? लीडला. पहिले दोन दगड तिचे. तिच्या टीमचा स्किप, म्हणजे कप्तान, जिम आर्मस्ट्राँगचे शेवटचे दगड सगळ्यांना आठवतात, पण व्हँकुव्हरची फायनल कोरियाविरुद्ध 8-7 ने सुटली. एका गुणाच्या मॅचमध्ये बिनमहत्त्वाचा दगड कुठला, सांग बरं.

आपल्यात झाडू नाही गं! उभ्याने खेळणाऱ्यांच्या लीडचा जोर कमी पडला तर दोघं जण बर्फ घासून दगड ओढत नेतात. आपला जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइट काठीतून सुटला की सुटला. हॉग लाइनच्या, म्हणजे पलीकडच्या टोकाच्या आडव्या रेषेच्या, अलीकडे थांबला तर उचलून बाजूला. म्हणून म्हणतो, पहिले दोन दगड. गार्ड, म्हणजे वाट अडवायला पुढे ठेवलेला दगड, चुकला की स्किप नुसता निस्तरत बसतो.

मलाही एकदा लीड दिलं होतं. "दुसऱ्याची खुर्ची हलू नये म्हणून मागून धरायला नाही आलो मी," असं म्हणून टीम सोडली. खांदा दुखत होता, हेही खोटं नाही. आणि चार शब्द समजावून सांगायला आलं का कुणी? नाही आलं. सगळा दोष माझ्याच माथी का? असो. पुढची चार वर्षं रिंकच्या काचेमागे बसून कॉफी प्यायलो. दर एंडला, म्हणजे दर डावाला, त्या दोन दगडांवरच नजर जायची.

स्किप व्हायचंय ना? हो खुशाल. पण आधी पहिले दोन दगड! शनिवारी तुझा डावा ब्रेक नीट लागलाच नव्हता. दगड सोडताना खुर्ची बोटभर फिरली आणि तिथेच दगडाची दिशा गेली. मागे धरणाऱ्यावर खेकसलीस, ब्रेककडे पाहिलंही नाहीस.

गुरुवारी सातला ये. हातमोजे आण, मागच्या खेपेला माझे नेलेस ते अजून तुझ्याकडेच आहेत.

काका