कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला आयजेमच्या टीममध्ये खरंच काही काम असतं का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात आयजेम या सिंथेटिक बायोलॉजीच्या (म्हणजे सजीवांची जनुकं बदलून त्यांच्याकडून नवं काम करून घेण्याच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम जमतेय, तुम्ही कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहात, जीवशास्त्र बारावीलाच सुटलं, मग नाव द्यावं का. द्या. मी एमएस्सीला असताना अशा टीममध्ये होते आणि अजूनही नव्या टीम्सना जमेल तशी मदत करते. लॅबमध्ये पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) धरणारे उत्साही विद्यार्थी भरपूर येतात. गणित आणि कोड मनापासून करणारं माणूस मात्र शोधत फिरावं लागतं.

आधी स्पर्धेबद्दल. आयजेमची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २००३च्या जानेवारीत एका छोट्या कोर्सने झाली. २००४ साली अमेरिकेतल्या ५ विद्यापीठांच्या टीम उतरल्या. आता जगभरातून ४००च्या आसपास टीम येतात आणि २०२२पासून अंतिम मेळावा पॅरिसमध्ये भरतोय. आपल्याकडून पुण्याची आयसर, मुंबईची आयसीटी अशा संस्थांच्या टीम जाऊन आल्या आहेत. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही पदकं ठरलेले निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येक टीमला मिळतात, त्यामुळे दुसऱ्याला पाडून वर जायचा प्रश्नच नसतो. ही गोष्ट मला या स्पर्धेत सगळ्यात जास्त आवडते.

टीम नेमकं काय करते, हे एका जुन्या प्रकल्पावरून सांगते. २००६ साली एडिनबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पाण्यातल्या आर्सेनिक या विषारी घटकाचा प्रश्न घेतला. बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो लोक कूपनलिकेचं पाणी पितात, आणि आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशाची ५०. एवढं कमी प्रमाण मोठ्या प्रयोगशाळेत मोजता येतं, पण गावातल्या किटवर तितका भरवसा ठेवता येत नाही.

ई. कोलाय या जिवाणूकडे आर्सेनिकपासून बचाव करणारी जनुकं मुळातच असतात. एरवी आर्सआर नावाचं प्रथिन डीएनएवर बसून ती बंद ठेवतं. आर्सेनिक आत शिरलं की ते या प्रथिनाला चिकटतं, प्रथिन डीएनए सोडतं आणि जनुकं चालू होतात. एडिनबराच्या मुलांनी याच व्यवस्थेपुढे लॅक्टोज (दुधातली साखर) फोडणारं जनुक जोडलं. लॅक्टोजपासून आम्ल तयार होतं, पीएच उतरतो (म्हणजे आम्लता वाढते) आणि त्यानुसार रंग बदलणाऱ्या साध्या निर्देशकाचा रंग बदलतो. चमकणारे जिवाणू वापरून आर्सेनिक ओळखायची कल्पना आधीही होती, पण ती चमक मोजायला यंत्र लागतं. रंग डोळ्यांना दिसतो. ज्याच्या हातात चाचणी जाणार त्याचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे, आणि मला तो जनुकं जोडण्याइतकाच मोलाचा वाटतो.

आता यात तुमचं काम कुठे येतं? किती आर्सेनिकला, किती वेळात, किती पीएच उतरेल, हे आधी समीकरणांत मांडून संगणकावर चालवून पाहायचं. एडिनबराच्या टीमने असं मॉडेल केलं होतं. नीट केलेलं मॉडेल लॅबमधले कितीतरी आठवड्यांचे प्रयोग वाचवतं, कारण कुठला प्रयोग करण्यात अर्थ नाही ते आधीच कळतं. शिवाय टीमची विकी, म्हणजे प्रकल्पाची वेबसाइट, आयजेमच्याच सर्व्हरवर बांधावी लागते आणि ठरलेल्या मुदतीनंतर गोठते, म्हणजे तिच्यात बदल करता येत नाही. परीक्षक ती वाचूनच येतात. ती बांधायची जबाबदारी बहुतेक तुमच्याकडेच येईल, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

एडिनबराला त्या वर्षी प्रत्यक्ष उपयोगाच्या प्रकल्पांत पहिलं बक्षीस मिळालं आणि काम पुढेही चालू राहिलं. पण जनुकं बदललेला जिवंत जिवाणू गावात न्यायचा म्हणजे कायदा आला, परवानग्या आल्या, लोकांचा विश्वास आला. म्हणूनच आयजेममध्ये ‘ह्यूमन प्रॅक्टिसेस’ हा भाग असतो: शेतकरी, डॉक्टर, पाणीपुरवठ्याचे अधिकारी यांच्याशी बोलायचं आणि त्यांच्या म्हणण्यानुसार प्रकल्प खरोखर बदलायचा. या भागाला दुय्यम समजणाऱ्या टीममध्ये मी तरी जाणार नाही.

नाव देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. पैसे कुठून येणार? नोंदणीचीच फी काही हजार डॉलर असते, वर पॅरिसचं तिकीट आणि व्हिसा. भारतीय विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम फार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेज किती देणार, हे लेखी ठरलेलं असावं. दुसरं म्हणजे, संस्थेत जैवसुरक्षा समिती आहे का? १९८९च्या नियमांनुसार जनुकीय बदलांचं काम करणाऱ्या संस्थेत ती असावीच लागते. समिती नसेल तर फक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प करता येईल का, हे मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना विचारून घ्या. आयजेममध्ये तोही विभाग आहे, आणि तिथे तर तुमच्यासारख्यांचीच जास्त गरज असते.