पाय हळू उचल

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, ओल्या वळणावर गाडी गिरकी खाऊन दुभाजकावर गेल्याचं सांगितलंस, चहा तसाच ठेवून उठलीस आणि दारातून म्हणालीस, "काका, रेस जास्त दिली म्हणून झालं. आता विकूनच टाकते ती गाडी." मला ते पटलं नाही. म्हणून काल सकाळी त्र्यंबक रोडला जाऊन आलो. महिरावणी सोडल्यावर तू सांगितलेलं ते डावीकडचं वळण सापडलं. दुभाजकाकडच्या लेनमध्ये डांबराच्या सांध्याला पाणी साचतं, आणि शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने आणलेल्या मातीचा तिथे लगदा झाला आहे. त्या लगद्यात तुझ्या मागच्या चाकाचा चरा अजून दिसतो. तो वळणाच्या शेवटी असता तर रेस दिली म्हणालो असतो. तो वळणाच्या तोंडाशीच सुरू होतो. तिथे कोणी रेस देत नाही. समोर पाणी दिसलं की माणूस तिथे रेसवरून पाय उचलतो. तूही बोलण्याच्या ओघात म्हणालीच होतीस, "पाणी दिसलं आणि मी सोडूनच दिलं."

डोक्यावर हंडा घेतलेली बाई चालता चालता एकदम थबकली की पाणी पुढे हिंदकळतं. गाडीचं वजनही तसंच. रेस झटक्यात सोडलीस की ते पुढच्या चाकांवर जातं आणि मागची हलकी होतात. त्यात तुझी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. पाय उचलताच इंजिनाचा सगळा अडथळा त्याच हलक्या झालेल्या चाकांवर येतो. वळणात त्या टायरना गाडी बाजूला सरकू न देता धरून ठेवायची असते. ओल्या रस्त्यावर पकड आधीच कमी असते, तीही त्या झटक्याला खर्ची पडली की तसं धरायला काही उरत नाही आणि शेपूट बाहेर जाते. हे व्हायला अर्धा सेकंद पुरतो. तुझ्या हातांना कळेपर्यंत निम्मी गिरकी झालेली असते.

म्हणून घोड्यांना दोष देऊ नकोस. माझ्याकडे फियाट होती, जेमतेम ४० हॉर्सपॉवरची, पण तीही मागच्या चाकांवर चालायची. नव्वदच्या दशकात एका जुलैत कसारा घाट उतरताना धुक्यातून उभा ट्रक दिसला. मी पाय उचलला आणि त्याच घाईत दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. मागची चाकं क्षणभर धरली गेली, गाडी आडवी झाली आणि डाव्या बाजूने दरडीच्या भिंतीवर आदळली. शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. त्याचा हात कोपरात मोडला आणि तो आजही पुरता सरळ होत नाही. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. तुला सांगतो, कारण तू एकटी होतीस आणि दुभाजक मऊ मातीचा होता. तिसरा श्रावणी सोमवार जवळ आला आहे. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी काही जण नाशिकहूनच पायी निघतात, आणि आदल्या संध्याकाळी याच रस्त्याच्या कडेने चालत असतात.

तुझी गाडीही पाहिली. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. तुझ्या पुढच्या टायरवर ०९२४ आहे, मागच्यांवर २४१८. आधीच्या मालकाने, बहुतेक खड्ड्यात फाटले म्हणून, पुढचे दोनच बदलले असावेत. मागची नक्षी दिसायला भरपूर आहे, म्हणूनच तू फसलीस. नख रुतवून बघ. पुढच्याला रबर लागतं, मागच्याला लाकूड. पुढून घट्ट आणि मागून निसरडी अशी गाडी तू पावसाळ्यात चालवत होतीस. नवे टायर दोनच घ्यायचे असले तरी ते मागे घालतात. पुढचं इंजिन पुढची चाकं ओढत असलं तरी हाच नियम. तुझ्या गाडीत तर मागचे टायर रुंद आहेत, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत. दोन नवे मागच्या मापाचे घे. त्याआधी गाडी विकायची नाही आणि चालवायचीही नाही.

रुंद टायरचं आणखी एक. साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, कारण त्याला एका वेळी जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं. ३२ पौंड हवेला साधारण ९०-९५ च्या वेगापासून हा धोका धरायचा, आणि नक्षी झिजली असेल तर त्याच्याही बराच आधी. स्टेअरिंग अचानक हलकं लागलं तर काहीही करू नकोस. हात सरळ, पाय हळूहळू वर.

स्पोर्ट मोड पावसात बंद. त्यात रेस तिखट होते, गिअर उंच आरपीएमवर धरला जातो, म्हणून पाय उचलल्यावरचा झटकाही मोठा बसतो. शिवाय ईएससीला, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेला, उशिरा मध्ये पडायला सांगितलेलं असतं. ती यंत्रणा फार चांगली आहे. शेपूट सुटली की बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला एकटा ब्रेक लावून गाडीला ओढून सरळ करते. पण त्या चाकालाही रस्ता लागतोच, आणि तुझ्या त्या चाकाखाली लगदा होता.

मग पाण्यापुढे करायचं काय? वेग वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना कमी करायचा, ब्रेकने. वळणात शिरताना पाय रेसवर हलकासा टेकलेला ठेवायचा, गाडी ना ओढली जावी ना अडावी इतकाच. वळणात पाणी दिसलंच तर पाय उचल, पण कढत दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा. शेपूट तरीही सुटली तर जिकडे जायचंय तिकडे बघ, दुभाजकाकडे नाही. मागचं टोक ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टेअरिंग वळव. पकड परत आल्याचं जाणवलं की तेवढ्याच चपळाईने ते सरळ करायला हवं. इथे बहुतेक जण चुकतात. पहिला झोका सावरतात आणि उलट्या झोक्याने रस्त्याबाहेर जातात. हातांनी सावरण्यापलीकडे गेलं तर मग ब्रेक पूर्ण दाबून धर, गाडी थांबेपर्यंत सोडू नकोस.

समृद्धीने मुंबईला जाशील तेव्हा इगतपुरीचा बोगदा लक्षात ठेव. जवळपास ८ किलोमीटर कोरड्या रस्त्याची पायाला सवय लागते आणि तोंडाशी धो धो पाऊस उभा असतो. उजेड दिसायला लागला की आतच वेग उतरव.

हे सगळं वाचून येत नाही. अंबडला ओळखीच्या एका गोदामापुढे काँक्रीटचं मोठं मोकळं आवार आहे. मालकाशी बोललो आहे, रविवारी ते रिकामं असतं. पाण्याचा टँकर मी सांगून ठेवतो. २५-३० च्या वेगात गोल फिरवायचं आणि मुद्दाम पाय उचलून शेपूट सुटताना कशी लागते ते कमरेला कळू द्यायचं. ते हाताच्या आधी कमरेलाच कळतं. नवे टायर बसले की फोन कर. सकाळी सातला ये, पातळ तळव्याचे बूट घालून. वडिलांनाही आण, त्यांनी अजून त्या गाडीत पाऊल ठेवलेलं नाही असं ऐकतो.

तुझा,
काका