मोठे झाड पाडताना : बिजागरी, दोर आणि कप्पी

आमच्या आवारातील साठ सेंटिमीटर जाडीची निलगिरी पाडायची आहे. मजूर म्हणतात की शेंड्याला दोर बांधून ओढले की पुरे, खाच घेण्याची गरज नाही. हे बरोबर आहे का?

नाही. पडण्याच्या दिशेकडील खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेली लाकडाची पट्टी, म्हणजेच बिजागरी, पडणाऱ्या झाडाला दिशा देते. दोर फक्त ओढ देतो. तुमच्या झाडाला खाच बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे बारा ते पंधरा सेंटिमीटर खोल घ्यावी आणि तिचे तोंड किमान ४५ अंश उघडे ठेवावे. मागचा काप खाचेच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर, आडवा घ्यावा, आणि जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर पट्टी उरली की करवत थांबवावी. काप पुरेसा खोल गेला की त्यात पाचर बसवावी, म्हणजे झाड मागे बसून पाते अडकत नाही. पट्टी पूर्ण कापून टाकण्याचा मोह हेच बहुतेक अपघातांचे मूळ आहे असे माझे ठाम मत आहे, कारण ती तुटली की झाड वाटेल तिकडे वळते आणि तेव्हा दोर धरणाऱ्यांच्या हातात काहीच राहत नाही. बुंधा पोकळ असेल तर पट्टीला बळ नसते, म्हणून आधी लाकडी हातोड्याने ठोकून आवाज ऐकावा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नसावे, आणि कापणाऱ्याने मागे तिरक्या दिशेने जाणारी सुटकेची वाट आधीच साफ करून ठेवावी.

घराच्या पत्र्यावर आलेली पर्जन्यवृक्षाची जाड फांदी उतरवायची आहे. झाड पाडायला जागाच नाही. दोर किती मजबूत हवा?

दोराआधी फांदीचे वजन पाहू. पन्नास सेंटिमीटर जाडीचा एक मीटर ओंडका म्हणजे सुमारे ०.२ घनमीटर लाकूड. ओले लाकूड जवळपास पाण्याइतके जड धरले तर हे वजन दोनशे किलोच्या आसपास जाते. आता कप्पीचा हिशेब. दोर वरच्या कप्पीवरून फिरून खाली बुंध्याकडे येतो, तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असल्याने कप्पी ज्या फाट्याला बांधली आहे त्यावर वजनाच्या सुमारे दुप्पट ताण येतो. ओंडका काही अंतर मोकळा पडून मग दोरावर झटका बसला तर हा ताण कितीतरी पट वाढतो. म्हणूनच कप्पी कापाच्या वर, निरोगी आणि जाड फाट्याला बांधावी. दोराला खाली बुंध्याभोवती वेढे देऊन खालच्या माणसाने तो सैल सोडत भार उतरवावा, एकदम अडवू नये. आणि तुकडे लहान ठेवावेत. गाठीमुळे दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक कमी होऊ शकते, त्यामुळे दोर बेताचा घेऊन चालत नाही. जुना काथ्याचा दोर या कामात आणूच नये. फांदीला दोर बुडाशी बांधला तर शेंडा आधी खाली जातो, आणि शेंड्याकडे बांधला तर बुडखा झुलतो. पत्र्याच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे त्यावरून हे ठरवावे आणि फांदीला फिरवण्यासाठी दुसरा हलका दोर लावावा. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याखेरीज चढू नये.

आमची वाडी रायगड जिल्ह्यात आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अनेक झाडे उन्मळली आणि काही फांद्या वाकून अडकून राहिल्या होत्या. पुन्हा अशी वेळ आली तर कुठून कापावे?

पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा फसवे असते, कारण त्यात ताण साठलेला असतो. वाकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली आणि दुसरी ताणलेली असते. आधी दाबाच्या बाजूला थोडा काप घ्यावा, मग ताणाच्या बाजूने पूर्ण करावा. उलट केले तर खोड फाटून उसळते. उन्मळलेल्या झाडाचे खोड तोडताच मातीसकट मुळांचा गड्डा पुन्हा उभा होऊ शकतो, म्हणून खड्ड्याच्या बाजूला कोणालाही उभे राहू देऊ नये, मुलांना तर मुळीच नाही. एकमेकांत अडकलेली झाडे आधी दूरवरून दोराने किंवा यंत्राने ओढून सोडवावीत. अडकलेल्या झाडाखाली जाऊन आधाराचे झाड तोडण्याचा प्रकार मला सर्वांत भीतीदायक वाटतो. चेनसॉच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते, आणि गुंतलेल्या फांद्यांत ते टोक दिसतही नाही.

झाड आमच्याच जागेत आहे, तरी परवानगी लागते का?

महानगरपालिका व नगरपालिका क्षेत्रात लागते. १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी जागेतील झाडालाही लागू आहे आणि अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण आहे, तेव्हा अर्जात झाडाचे वय आणि तोडण्याचे कारण स्पष्ट लिहावे.