'झिरो ट्रस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडला संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय : 'झिरो ट्रस्ट' ही संगणक नेटवर्कच्या सुरक्षेची पद्धत शिकवताना 'शून्य विश्वास' म्हटलं, तर मुलं म्हणाली, म्हणजे कुणावरच विश्वास ठेवायचा नाही का? मग 'अविश्वास' म्हणावं, की आणखी काही?

'अविश्वास' तर नकोच. तो शब्द ऐकला की सरपंचावरचा ठराव आठवतो. 'शून्य विश्वास'चीही अडचण मुलांनी नेमकी पकडली आहे. विश्वास माणसाच्या सचोटीवर ठेवतात, आणि या पद्धतीला सचोटीशी काही देणंघेणं नाही. ही संज्ञा २०१० मध्ये रूढ करणारे जॉन किंडरवाग यांचं म्हणणंच असं, की विश्वास ही माणसामाणसांतली गोष्ट आहे, नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या तुकड्याला, ती लावू नये.

नाकारलंय ते वेगळंच : 'आत आहे म्हणजे आपला आहे' हे गृहीतक. जुन्या पद्धतीत बँकेच्या शाखेतला क्लार्क व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) जोडून एकदा आत आला, की कर्जखात्यांपासून पगारपत्रकापर्यंतचे सर्व्हर त्याच्या संगणकाला दिसू शकत. त्याचा पासवर्ड चोरणाऱ्यालाही तेच दिसणार. झिरो ट्रस्टमध्ये त्याला कर्जखात्यांपुरतीच वाट मिळते. तीही माणूस कोण, लॅपटॉप नोंदलेला आहे का, त्यावरचे अपडेट झालेत का, हे बघून. मधेच काही वावगं दिसलं तर चालू सत्रही तोडतात. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२० मध्ये काढलेल्या दस्तऐवजात हे स्पष्ट आहे : केवळ जागेवरून, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कवर आहे एवढ्यावरून, कुणालाही मुभा नाही.

जुन्या पद्धतीला इंग्रजीत किल्ला आणि खंदकाचीच उपमा देतात. आपल्याकडे तर देवगिरीच आहे. खंदक, तट, अंधारी (काळोखा भुयारी मार्ग), सगळं बाहेरच्यासाठी. १२९६ च्या वेढ्यात मात्र धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. पोती आत आली होती, उघडून कुणी बघितली नव्हती.

म्हणून माझं मत 'खातरजमा' या शब्दाला. 'पडताळणी' जवळची वाटते, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की जन्मभर चालतं. इथे तर तेच टाळायचंय. 'शहानिशा' सहसा तक्रार किंवा आरोप झाल्यावर करतात. खातरजमेला आधी संशय लागत नाही. गाडी लातूरलाच जाते ना, याची खातरजमा करून आपण एसटीत चढतो, त्यात कंडक्टरचा अपमान नसतो. शिवाय हा शब्द निजामाच्या काळापासून कचेरीच्या मराठीत मुरलेला, आपल्याकडे अजून रोजच्या बोलण्यातला. (फारसीत 'खातिर' म्हणजे मन, मन जमा होणं, म्हणजे निश्चिंत होणं.)

एक उणीव राहते. खातरजमा 'एकदाची झाली' असंही आपण म्हणतो, म्हणून 'दरवेळी' हा शब्द सोडू नका. पुस्तिकेत मथळा 'झिरो ट्रस्ट' असाच ठेवा, नोकरीच्या मुलाखतीत मुलांना तोच लागेल. खाली व्याख्या द्या : 'नेटवर्कच्या आत असो वा बाहेर, प्रत्येक मागणीची दरवेळी खातरजमा करून कामापुरतीच मुभा देणारी सुरक्षा.' परीक्षेत मराठी संज्ञाच हवी असेल तर 'दरवेळी-खातरजमा पद्धत' लिहा. जरा लांब आहे, पण मुलांचा घोटाळा होणार नाही.