प्रोजेक्टर लावण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातली मराठी शाळा मिळाली म्हणालीस, तर पहिलं हे ऐक: पावसाळ्यात रेंज आणि वीज, दोन्हींवर भरवसा ठेवू नकोस. व्हिडिओ रात्री घरीच उतरवून घे. दीक्षा या सरकारी शालेय ॲपमध्ये तशी सोय आहे, पण तिथं बोर्ड निवडताना गफलत होते. मराठी दिसलं की आपण महाराष्ट्राचं उघडतो आणि धडेच जुळत नाहीत. आपली पुस्तकं कर्नाटकची, फक्त भाषा मराठी. मी एकदा अख्खा तास भलताच धडा दाखवला, शेवटी एक पोरगाच म्हणाला, "बाई, हे आमच्या पुस्तकात नाही की!"

व्हिडिओ सलग लावू नकोस. दोन मिनिटांनी थांबव, पुढं काय होईल ते विचार. विज्ञानाला फेट (PhET) या वेबसाइटची सिम्युलेशनं, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, घे. बरीच मराठीत आहेत, उतरवली की नेटशिवाय चालतात. बल्ब कधी पेटेल ते आधी वहीत लिहायला लाव, मग क्लिक कर. नाहीतर पोरं टीव्ही बघितल्यासारखी बघतात.

कन्नडच्या तासाला तर साधा फोनच पुरे. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठी कानाला तो फरक चटकन कळत नाही. पोरांचं वाचन रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकव. आधी खिदळतील, मग स्वतःच सुधारतील.

व्हॉट्सॲपवर गृहपाठ? फोन बापाबरोबर कामावर गेलेला असतो. फळ्यावरच लिही.