बदलाच्या काळातले मन : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : घर आणि शाळा बदलल्याला दोन महिने झाले. तेव्हापासून माझी १५ वर्षांची मुलगी खोलीतच बसून असते. समुपदेशकाकडे जायला ती तयार नाही. हे वयाचेच आहे का?

उत्तर : वयाचा वाटा आहेच, पण मैत्रिणी, पायाखालचा रस्ता आणि वर्गातला ठरलेला बाक एका दिवसात सुटणे हे या वयात खरेखुरे दुःख असते, आणि ‘होईल हळूहळू सवय’ असे मोठ्यांनी म्हटले की मुले ते बोलून दाखवायचेच थांबतात. ‘तुला तिथलं सगळ्यात जास्त काय आठवतं?’ एवढेच विचारा आणि ती बोलेपर्यंत खरोखर गप्प राहा. उदासी किंवा चिडचिड, झोपेचा वा भुकेचा बिघाड, आवडीच्या गोष्टीही नकोशा होणे, हे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसत असेल, तर थांबू नका. मात्र तिला ओढून नेऊ नका. पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या गेलात तरी घरात तिच्याशी कसे बोलावे, हे तिथे ठरवता येते. मरणाची भाषा किंवा स्वतःला इजा केल्याच्या खुणा आढळल्या, तर तिला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : समुपदेशकाला सांगितलेले सगळे आईबाबांना कळते का? (वय १७)

उत्तर : सहसा नाही. जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करत असेल, तर मात्र इतरांना सांगावे लागते. बाकीचे नियम काय आहेत, हे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचार. तो तुझा हक्क आहे.

प्रश्न : निवृत्ती मलाच हवी होती. तरीही पहाटे उठून, दाढी-आंघोळ उरकून मी नुसता खुर्चीत बसून राहतो. मन लागत नाही.

उत्तर : हवाहवासा बदलही मनाला सोसावाच लागतो. होम्स आणि राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांच्या ताणाला गुण दिले, त्यांत नोकरीवरून काढले जाण्याला ४७, तर निवृत्तीला ४५ गुण आहेत. विवाहासारख्या आनंदाच्या प्रसंगालाही ५० आहेत. तुमचे काम सुटले, तसे कोणीतरी आपली वाट पाहत असल्याची जाणीवही सुटली, आणि माझ्या मते तुम्हाला तीच अधिक सलते आहे. समुपदेशनात आधी या सुटलेल्या गोष्टींना नाव दिले जाते आणि मग दिवसाची घडी पुन्हा बसवली जाते. उत्साह येण्याची वाट पाहू नका, कारण तो बहुधा कामाला लागल्यावरच येतो. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, जिथे तुमची अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात येईल असे एखादे काम पत्करा.