वाचकांचे प्रश्न : लिलावातले डेटोना

प्रश्न : जिनिव्हाच्या एका लिलावात रोलेक्स डेटोना या मनगटी घड्याळाचे ६२३९ हे मॉडेल 'पॉल न्यूमन' डायलसह आले आहे. बोली लावण्याआधी काय तपासावे? (पुणे)

उत्तर : आधी डायल. १९६३ मध्ये आलेल्या ६२३९ वर बहुधा साधे डायल असे. सिंगर कंपनीने बनवलेले आणि हॉलिवूड अभिनेते पॉल न्यूमन यांच्या नावाने ओळखले जाणारे हे वेगळे डायल त्या काळी फारसे खपले नाही, म्हणून आज ते दुर्मिळ आहे. निम्म्याहून अधिक पैसे आपण त्याचेच मोजतो. साहजिकच साध्या घड्याळात नंतर बसवलेली आणि नव्याने छापलेली डायलही बाजारात फिरतात.

लिलावगृहाकडून मोठे, बिनचकाकीचे फोटो मागवा. प्रत्यक्ष जाता आले तर दहापट भिंग न्या. छोट्या डायलांतल्या रेघांच्या टोकांना इवले चौकोन हवेत. नऊच्या बाजूच्या सेकंदाच्या डायलवर १५, ३०, ४५, ६० हवे. साध्या डायलवर तिथे २०, ४०, ६० असते. कडेची सेकंदांची पट्टी मधल्या भागापेक्षा पायरीसारखी किंचित खाली असते. पुन्हा रंगकाम झाले की ही पायरी बुजते आणि अक्षरांच्या कडा पसरतात.

मग चमकणारे ठिपके पाहा. त्यांना चमक देणारे त्या काळचे किरणोत्सारी ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मे होते, म्हणजे आज ते जवळजवळ विझलेले असणार. अतिनील टॉर्च दाखवून काढला की ठिपके लगेच मंदावले पाहिजेत. काटे मिनिटभर उजळत राहिले तर ते नंतरच्या सर्व्हिसमध्ये बदललेले आहेत. तेवढ्यावर घड्याळ सोडू नका, बोली मात्र कमी करा.

केसवर (घड्याळाच्या धातूच्या कवचावर) लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, कडा धारदार हव्यात. पॉलिश झाले की त्या गोलावतात, लगमधली भोके कडेकडे सरकल्यासारखी दिसतात. बाराच्या बाजूच्या लगमध्ये मॉडेल क्रमांक आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक असतो. पट्टा काढून दोन्हींचे फोटो मागा. मागचे झाकण उघडून मशीनचाही फोटो घ्या. ते व्हालझू ७२ या स्विस मशीनवर आधारलेले असते. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातले स्टॉपवॉच, शून्यावर आणताना मधला काटा नेमका बारावर थांबायला हवा.

रोलेक्सकडून जुन्या नोंदींचा उतारा मिळत नाही, त्यामुळे वस्तूच पुरावा. नामांकित लिलावगृहाचे नाव पुरेसे नसते, हेही ध्यानात ठेवा. २०२१ मध्ये फिलिप्सच्या जिनिव्हा लिलावात ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१ हे ३१ लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेले. ते बहुतांशी अस्सल पण वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जोडलेले होते, असे ओमेगाने २०२३ मध्ये सांगितले.

प्रश्न : हातोडा पडला त्या किमतीवर आणखी किती द्यावे लागतात? (नाशिक)

उत्तर : खुद्द न्यूमन यांच्या डेटोनावर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १.५५ कोटी डॉलरला हातोडा पडला. खरेदीदाराने दिले १,७७,५२,५०० डॉलर. वरची रक्कम म्हणजे बायर्स प्रीमियम, लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क. लहान रकमांवर त्याची टक्केवारी जास्त असते, २५ च्या आसपास किंवा वर. नेमका दर त्या लिलावाच्या अटींत वाचा. लिलावगृहाला एकूण ५०,००० फ्रँकच द्यायचे असतील आणि दर २५ टक्के असेल, तर ५०,००० भागिले १.२५, म्हणजे ४०,००० वर हात खाली ठेवा.

भारतात आणताना वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि आयजीएसटी वेगळे. कस्टम्स एजंटकडून लेखी आकडा आधीच घ्या. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर तो काढूनच पाठवायला सांगा. साइटीस (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्याशिवाय तो कस्टम्समध्ये अडकतो आणि त्यासोबत घड्याळही.

प्रश्न : वडिलांचे जुने रोलेक्स विकायला देण्याआधी पॉलिश करून घेऊ का? (ठाणे)

उत्तर : अजिबात नको. काच बदलू नका, डायल तर मुळीच नाही. चालत नसेल तर तसेच द्या. डबा, बिल, गॅरंटीचा कागद आणि सर्व्हिसमध्ये परत मिळालेले जुने सुटे भाग एकत्र ठेवा. जुने काटे सापडले तर तेही पाकिटात घालून सोबत द्या.